नवी ऑफ-रोड बाईक घ्यायच्या आधी काय काय हात लावून बघायचं, खास इंदूरकरांसाठी

माझा मावसभाऊ लोकमान्य नगरला राहतो, त्याला यंदा पावसाळ्याच्या आत ऑफ-रोड बाईक घ्यायचीय आणि गेले पंधरा दिवस रोज रात्री अकराला फोन करून तो मला फक्त पॉवर सांगतो, हिची २४ हॉर्सपॉवर, तिची ४०, अजून एकीची ४६. शेवटी मी म्हटलं, अरे भिया, तुला जायचंय इंदूरजवळ चोरल आणि जानापावला, तिथे पॉवर काय करणार, तिथे काळी माती आहे. मग त्याला जे जे सांगितलं तेच इथे नीट लिहितोय, कारण गेल्या दोन-तीन वर्षांत या गाड्यांचं डिझाईन खरंच खूप सुधारलंय, पण सुधारणा नेमकी कुठे झालीय आणि ती आपल्या माळव्यात कामाची आहे का हे ब्रोशरमधून कळत नाही, गाडीला हात लावूनच कळतं.

पहिलं म्हणजे शोरूममध्ये गेल्यावर गाडीवर बसू नका. पुढच्या चाकापाशी उकिडवं बसा आणि टायर आणि मडगार्डच्या मधे हात घाला. चार बोटं आडवी आरामात जायला पाहिजेत, पूर्ण मूठ गेली तर फारच छान. हे मी का सांगतोय तर काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये चोरलच्या बाजूला एका शेताच्या कडेने जाताना माझ्या आधीच्या गाडीचं पुढचं चाक चक्क जाम झालं होतं. काळी माती भिजली की गोंद होते, टायरला थर चढतो, तो मडगार्डच्या खाली भरत जातो, आणि मडगार्ड टायरला चिकटून असेल तर शंभर फुटात चाक फिरायचं बंद. काठीने माती उकरली, परत पन्नास फुटांवर तेच. शेवटी दहा नंबरच्या पान्याने मडगार्डच खोलून पाठीवरच्या बॅगेला बांधलं आणि तसाच सिमरोलपर्यंत आलो, चेहरा, चष्मा, सगळं चिखलाने भरलेलं. गाडीची पॉवर तेव्हा भरपूर होती, पण चाकच फिरत नाही म्हटल्यावर ती पॉवर घेऊन काय करणार.

म्हणून नव्या गाड्यांमध्ये कावासाकी केएलएक्स २३० किंवा केटीएम ३९० एन्ड्युरो आर सारखं वर उचललेलं मडगार्ड दिसतं ना, ते दिसायला रॅलीवाल्या गाडीसारखं म्हणून नाहीये, त्याच्या खाली माती पडायला जागा असते. ज्या गाड्यांना खालचं मडगार्ड आहे, म्हणजे बहुतेक अॅडव्हेंचर टुरर (लांबच्या प्रवासाच्या गाड्या), त्यांचं अंतर बोटांनी मोजाच आणि मागच्या चाकाचं पण मोजा, चेनच्या बाजूला स्विंगआर्मपाशी, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यापाशी पण माती अशीच भरते.

आता चाकं. पुढे २१ इंच का असतं, तर चाक मोठं असलं की दगडाच्या कडेला ते तिरकं लागतं आणि वर चढून जातं, लहान चाक त्याच दगडावर समोरून आदळतं. पातालपाणीकडच्या कच्च्या रस्त्यावर नाल्यातले गोटे बघितलेत ना, तिथे १९ आणि २१ मधला फरक मनगटाला लगेच कळतो. मागे १८ इंच असेल तर ऑफ-रोड टायरची निवड जास्त मिळते, १७ असेल तरी चालतं, रॉयल एनफिल्डच्या हिमालयनला १७ च आहे. चाक तारेचं (स्पोकचं) की अलॉयचं, म्हणजे ओतीव, यावर फार वाद घालू नका, दगडात जायचं असेल तर तारच घ्या, ती वाकते आणि सरळ करता येते, अलॉयला तडा गेला की काम संपलं. पूर्वी तारेच्या चाकाला ट्यूब घालावीच लागायची कारण तारा रिमच्या मधून आरपार जातात आणि हवा तिथून सुटते, आता तारा रिमच्या कडेला बसवून किंवा आतून सील करून ट्यूबलेस करतात, हिमालयन ४५० ला असा पर्याय आहे. घाटात पंक्चर काढायची वेळ आली की हा फरक पैसे वसूल करून देतो, तेव्हा शोरूमवाल्याला चाक ट्यूबलेस आहे का आणि रिम सुटी घ्यायची तर केवढ्याला पडते, हे दोन्ही विचारून घ्या.

सस्पेन्शनवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात मोठी सुधारणा इथेच झालीय. हिरोच्या एक्सपल्स २०० ४व्ही ला पुढे १९० आणि मागे १७० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर-खाली व्हायला जागा, होता, २०२५ मध्ये आलेल्या एक्सपल्स २१० ला पुढे २१० आणि मागे २०५. मागे ३५ मिमी वाढले, ऐकायला काहीच नाही वाटत पण खड्ड्यात मागची बाजू ढुंगणाला जो दणका द्यायची तो याच ३५ मिमीत जिरतो. रॉयल एनफिल्डच्या जुन्या हिमालयन ४११ ला मागे १८० होता, २०२३ च्या शेवटी आलेल्या ४५० ला दोन्हीकडे २०० आहे आणि पुढे उलटा म्हणजे यूएसडी फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या). यूएसडी फोर्क वाकत कमी, वळताना पुढचा भाग ताठ वाटतो, पण एक गोष्ट कोणी सांगत नाही, यात चकचकीत नळी खाली चाकापाशी असते आणि ऑइल सील पण तिथेच, म्हणजे बरोब्बर चिखलात. ४११ च्या फोर्कला रबरी बूट होते, दिसायला जुनाट पण माती आत जात नव्हती. तेव्हा यूएसडी घेताय तर नळीच्या समोरचं प्लास्टिकचं गार्ड किती रुंद आहे ते बघा आणि प्रत्येक चिखलाच्या राईडनंतर त्याच दिवशी ओल्या फडक्याने नळी पुसा. चिखल वाळला की तो पॉलिश पेपरसारखा सील खातो, मग फोर्कमधून तेल गळायला लागतं.

आणि नुसता ट्रॅव्हल असून भागत नाही, तो तुमच्या वजनाला लावून घ्यावा लागतो. तुम्ही बसल्यावर गाडी किती दबते त्याला सॅग म्हणतात, ते मोजणं घरी करता येतं, दोन मित्र आणि शिवणाची टेप एवढंच लागतं. दोघांनी गाडी मागून उचलायची, चाक लटकलं पाहिजे, तेव्हा मागच्या ॲक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एका बोल्टपर्यंत अंतर मोजायचं. मग गाडी खाली ठेवून तुम्ही बूट, हेल्मेट, बॅग सगळं घालून बसायचं, एकाने पुढून गाडी धरायची, आणि तेच अंतर परत मोजायचं. दोन्हीतला फरक ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश यायला हवा, म्हणजे २०० मिमीवाल्या गाडीला ६० ते ६५. माझ्या गाडीवर पहिल्यांदा मोजलं तेव्हा ८५ आलं होतं, म्हणजे मी बसल्याबसल्याच गाडी अर्धी दबलेली, मग मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला दाब, दोन खाचा वाढवला आणि त्याच रस्त्यावर गाडी खाली टेकायची बंद झाली. एक पैसा लागला नाही. टेस्ट राईडला गाडी फार कडक किंवा फार मऊ वाटली तर आधी प्रीलोड कितीवर आहे ते विचारा, मगच मत बनवा.

इंजिनचं बोलायचं तर इथे लोक फसतात. हिमालयन ४११ ची पॉवर साडेचोवीस बीएचपी (हॉर्सपॉवर) होती, ४५० ची जवळपास ४०, पण जुनं इंजिन लांब स्ट्रोकचं (पिस्टन जास्त लांब वर-खाली व्हायचा), ३२ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, खालच्या आरपीएमलाच (मिनिटाला कमी फेऱ्यांवर) मिळायचा, नवीन ४० न्यूटन मीटर देतं पण साडेपाच हजार आरपीएमवर. नवीन इंजिन चांगलंच आहे, एबी रोडवर तर जुन्याशी तुलनाच नाही, पण चढावर हळू हळू ढकलायची सवय असलेल्यांना गिअर एक खाली ठेवायची सवय लावून घ्यावी लागते. एक्सपल्स २१० चं पण तसंच आहे, २०० ४व्ही ला १९ ची पॉवर आणि पाच गिअर, हिला साडेचोवीस आणि सहा. टेस्ट राईडला हे करून बघा: दुसरा गिअर, माणूस भरभर चालतो तेवढा स्पीड, क्लचला हात लावायचा नाही आणि हळूच थ्रॉटल द्यायचा. गाडी धडधडली, झटके दिले तर पातालपाणीच्या चढावर तुमचा डावा हात दिवसभर क्लचवर राहणार. न धडधडता उचलली तर उत्तम.

या दोन्ही नव्या इंजिनांना लिक्विड कूलिंग आहे, आधीच्यांना नव्हतं. मे महिन्यात आपल्याकडे ४२ डिग्री असताना पहिल्या गिअरमध्ये दगडातून चढायचं म्हणजे इंजिनला वारा लागतच नाही, तिथे रेडिएटर आणि पंखा खरंच उपयोगी. पण समोरून बघा, रेडिएटरला जाळी आहे का, पुढच्या चाकाने उडवलेला दगड थेट बसतोय का. धुताना सर्व्हिस सेंटरवाल्याला प्रेशर गन रेडिएटरवर मारू देऊ नका, बारीक पात्या आडव्या होतात, साध्या नळाने धुवा.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचं आहे आणि रस्त्यावर पाहिजेच, पण सुट्या मुरमावर गोष्ट वेगळी. चाक लॉक झालं की त्याच्यापुढे मुरमाचा छोटा ढीग साचतो आणि तोच गाडी थांबवतो, एबीएस चाक लॉकच होऊ देत नाही म्हणून उतारावर गाडी घसरत पुढे पुढे जात राहते, ब्रेक दाबलाय आणि गाडी थांबत नाहीये ही भावना फार वाईट. म्हणून निदान मागचं एबीएस बंद करता येणारा मोड असलाच पाहिजे. बघायचं काय, तर बटण हातमोजा घालून दाबता येतं का, आणि किल्ली बंद करून परत चालू केल्यावर मोड लक्षात राहतो की पुन्हा चालू होतो. शोरूमच्या दारातच दोन मिनिटात करून बघा. क्लच पण तिथेच दोन बोटांनी दाबून बघा, स्लिप असिस्ट असेल तर एकदम हलका लागतो आणि जाम गेटचा घाट मंडलेश्वरकडे उतरताना गिअर पटकन खाली टाकला तरी मागचं चाक उड्या मारत नाही.

आता बसा गाडीवर, आणि लगेच उभे राहा. ऑफ-रोडला निम्मा वेळ उभंच असतो आपण. उभं राहिल्यावर हँडलसाठी कमरेत वाकावं लागतंय का, गुडघ्यांनी टाकी धरता येते का, फूटरेस्टचं रबर काढता येतं का, कारण ओल्या बुटाला रबर घसरतं आणि खालचे लोखंडी दात पकडतात. स्क्रीन, ब्लूटूथ, नकाशा हे सगळं शेवटी बघा, उन्हात वाचता आलं की झालं.

सीटच्या उंचीची लोकांना फार भीती. एक्सपल्स २१० ची ८३० मिमी, हिमालयन ४५० ची ८२५, वरच्या सेटिंगला ८४५, केएलएक्सची ८८०. माझा भाऊ पाच फूट पाच इंच आहे, तो म्हणे केएलएक्स मला होणारच नाही. मी म्हटलं बसून तर बघ, सीट अरुंद आहे आणि तुझ्या वजनाने गाडी दबते पण, एका बाजूला थोडा सरकलास की एक पाय पूर्ण टेकतो, तेवढा पुरतो. आणि गाडी १३९ किलोची आहे, हिमालयन १९६. हा ५७ किलोचा फरक गाडी पडल्यावर कळतो, आणि ऑफ-रोडला गाडी पडतेच. उचलायची पद्धत पण शोरूमलाच विचारून, परवानगी घेऊन करून बघा: गाडीकडे पाठ करायची, ढुंगण सीटला टेकवायचं, एका हातात हँडल पूर्ण वळवून धरायचं, दुसरा हात मागच्या कॅरियरला, आणि पायांनी मागे मागे चालत उचलायची, कमरेने नाही. उजवीकडे पडली असेल तर उचलायच्या आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा आणि गिअर टाका, नाहीतर उचलल्यावर तीच गाडी पलीकडे पडते. एकट्याला उचलत नसेल तर ती गाडी एकट्याने चोरलला न्यायची नाही, एवढं मी भावाकडून कबूल करून घेतलंय.

शेवटचं काम गाडी घरी आल्यावरचं. नव्या गाडीच्या तारा पहिल्या काही राईडमध्ये सैल होतात, तेव्हा पहिल्या सर्व्हिसच्या आधी आणि नंतर दर चिखलाच्या राईडनंतर गाडी स्टँडला लावा, चाक हळूहळू फिरवा आणि छोट्या पान्याने एकेक तार वाजवा. घट्ट तार टिण्ण वाजते, सैल तार ठक् करते. ठक् करणाऱ्या तारेला खडूने खूण करा आणि मेकॅनिककडे न्या, स्वतः एकच तार पिळत बसू नका, रिम वाकडी होते. आमच्याकडे हे काम रविवारी सकाळी पोहे व्हायच्या आत अंगणात होतं, भाऊ चाक फिरवतो, मी वाजवतो.