गुन्हेगार आधी ओळखायचा असेल तर कापड बघा

अंबाजोगाईत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे आणि रहस्यमालिका म्हणजे माझा जीव की प्राण. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका हमखास विचारतात, "ताई, तुम्हाला खुनी आधीच कसा काय कळतो?" मशीन चालू असताना धड सांगता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, आठवड्याला एकच भाग बघा. मोबाईलवरच्या ॲपवर आठही भाग एकदम टाकलेले असले तरी एक बघायचा आणि थांबायचं. रहस्य उलगडतं ते मधल्या सहा दिवसांत. काज करताना, तुरपाई करताना मागचा भाग डोक्यात फिरत राहतो आणि बुधवारी कधीतरी एकदम लक्षात येतं, अरे, तो भाऊ तर म्हणाला होता की मी घरात आलोच नाही, मग त्याला कुलूप बदललेलं कसं माहीत? एका रात्रीत सगळं बघून टाकणाऱ्याला उत्तर मिळतं, पण शोधायचा आनंद त्याच्या वाट्याला येत नाही. मला तरी तोच आनंद हवा असतो.

"पुढील भागात" सुरू झालं की आवाज बंद करा आणि पाणी प्यायला उठा. त्या झलकेत एका प्रसंगातला दचकलेला चेहरा दुसऱ्याच प्रसंगातल्या वाक्याला जोडलेला असतो. तिच्यावर विश्वास ठेवला तर आठवडाभराचा विचार भलत्याच वाटेला लागतो.

जवळ वही ठेवा. मी मापांच्या वहीची मागची पानं वापरते. सगळं लिहीत बसू नका, नाहीतर बघायचंच राहून जातं. कोण काय खोटं बोललं, मेलेल्या माणसाला शेवटचं कोणी बघितलं आणि कॅमेऱ्यानं कोणती वस्तू दोनदा दाखवली, एवढंच लिहा. दोनदा दाखवलेली वस्तू फार महत्त्वाची. पहिल्यांदा ती घराची सजावट वाटते. दुसऱ्यांदा दिसली की समजायचं, हिचं पुढे काहीतरी होणार.

आता कापड.

माणूस तोंडानं खोटं बोलतो, पण अंगावरचं कापड त्याला साथ देत नाही. एका हिंदी मालिकेत सीसीटीव्हीच्या चित्रात टोपी घातलेली एक व्यक्ती जिन्यावरून उतरताना दाखवली होती. पँट, ढगळ शर्ट, चाल दणदणीत. पोलीस, शेजारी सगळे "तो माणूस, तो माणूस" म्हणत होते. मी चित्र थांबवलं आणि बटणपट्टी बघितली. पुरुषाच्या शर्टात बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात आणि काजाची डावी पट्टी वर येते. बायकांच्या शर्टात याच्या उलट. इथं उजवी पट्टी वर होती. आता चित्रच उलटं फिरवलेलं असेल, अशीही शंका येऊ शकते. म्हणून मागच्या भिंतीवरचा मजल्याचा आकडा बघितला, तो सरळ होता. म्हणजे शर्ट बाईचा. त्या घरात शर्ट घालणारी बाई एकच होती. पुढच्या आठवड्यात तीच निघाली.

बटणाचंच आणखी एक सांगते. रेडिमेड शर्टाचं बटण मशीननं लावलेलं असतं, टाके एकसारखे आणि चपटे. घरी हातानं लावलेल्या बटणाखाली दोऱ्याचे वेढे दिलेले असतात, दोऱ्याचा रंगही किंचित वेगळा असतो. घटनेच्या जागी बटण सापडलं आणि पुढच्या भागात कोणाच्या शर्टावर असं एकच वेगळं बटण दिसलं, तर त्याचं नाव वहीत लिहून ठेवा. बटण तुटण्याऐवजी कापडासकट उपटून आलं असेल तर झटापट झालीय.

साडी तर बोलतेच. बाई स्वतःच्या पायांनी शेतातून चालत गेली असेल तर फॉलला खालून चिखल आणि कुसळं लागतात, पुढून आणि बाजूनं. ओढत नेली असेल तर माती मागं लागते आणि निऱ्या कमरेतून सुटतात. आमच्याकडची काळी माती ओली झाली की चपलेला अशी धरते की पाय जड होतो. मालिकेत पावसाळ्यात रात्री शेतातून पळून आलेल्या माणसाचे बूट स्वच्छ असतील तर दोनच शक्यता, तो खोटं बोलतोय किंवा कपडेपट सांभाळणाऱ्यांनी कष्ट घेतलेले नाहीत. कोणती खरी, ते बाकीच्या भागावरून कळतं. जी मालिका इतर ठिकाणी काटेकोर असते, तिच्यात स्वच्छ बूट हा पुरावा समजावा. गाव बीड जिल्ह्यातलं म्हणून सांगायचं आणि माती लालभडक दाखवायची, अशी मालिका लागली की मी कपड्यांवरून अंदाज बांधणं सोडून देते. इथल्या माणसांची गोष्ट सांगायची तर इथली माती तरी बघून जावी. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

रक्ताचा डाग थंड पाण्यानं निघतो, गरम पाण्यानं पक्का बसतो. त्यामुळे मालिकेत कोणी शर्ट उकळत्या पाण्यात बुडवताना दिसलं, तर त्याला धुण्याची सवय नाही, असं धरायला हरकत नाही. पोलीस रक्ताचा ओला कपडा थेट प्लास्टिकच्या पिशवीत घालतात, तेही खऱ्यात चालत नाही. तो सावलीत वाळवून कागदात बांधायचा असतो, नाहीतर ओलीनं कुजतो आणि पुरावा जातो.

गावात मेडिकल कॉलेज असल्यामुळे माझ्याकडं सिस्टर लोक पुष्कळ येतात. त्यांच्याकडून एक गोष्ट पक्की शिकले. पडद्यावरचे डॉक्टर मृतदेह बघून "खून रात्री दहा ते सव्वादहाच्या दरम्यान झाला" म्हणतात, इतकं नेमकं कोणालाच सांगता येत नाही. मेल्यानंतर शरीर ताठरायला लागतं ते पापण्या आणि जबड्यापासून, साधारण दोन-तीन तासांनी. बारा तासांच्या आसपास सगळं अंग ताठ होतं आणि पुढे हळूहळू सैल पडतं. आमच्याकडं उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा हे सगळं लवकर उरकतं. त्यामुळे वेळ मिनिटांत सांगितली की तिच्यावर फार विसंबू नका. त्यापेक्षा घरातला दिवा, दुधाची पिशवी, न उघडलेला पेपर यांच्याकडं बघा.

आमच्या आत्याबाई ना कापड बघतात ना डॉक्टरचं ऐकतात. त्यांचा प्रश्न एकच, "आगं, शेत कोणाच्या नावावर व्हायलंय ते बघ आधी." आणि कितीदा तरी त्यांचंच बरोबर येतं. हातात पुरावा काही नसेल तेव्हा सातबाऱ्यावर कोणाचं नाव चढणार, विम्याचे पैसे कोणाला मिळणार, कोणाच्या लग्नाची वाट मोकळी होणार, हे विचारा. त्या चष्मा न लावता बघतात, त्यामुळे ऐकण्यावर त्यांचा भर जास्त. आवाज कापरा झाला की मला लगेच कोपरानं ढोसतात. म्हणून म्हणते, एकट्यानं बघू नका. चार जणांना चार गोष्टी दिसतात.

ओळखीचा मोठा नट छोट्याशा भूमिकेत दिसला की तोच खुनी, असा एक आडाखा लोक सांगतात. तो बऱ्याचदा लागूही पडतो. पण वापरू नका. त्यानं नट ओळखल्यासारखं होतं, गोष्ट ओळखली असं होत नाही.

शेवटचा प्रसंग मात्र कसून तपासा. प्रकरण गळ्याशी आलं की खुनी पाच मिनिटं बोलतो आणि सगळं कबूल करतो. माझ्याकडं काळा कोट शिवून घेणाऱ्या वकीलताईंनी मला सांगितलेलं आहे, पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. त्यानं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर कबुलीतला तेवढाच भाग चालतो. म्हणून भाग संपला की मनातल्या मनात तो कबुलीजबाब काढून टाका. उरलेल्या पुराव्यावर तोच माणूस दोषी ठरतो का? ठरत असेल तर लिहिणाऱ्यानं कष्ट घेतलेत. ठरत नसेल तर आपली आठवडाभर फसवणूक झाली, आणि ती मालिका मी सोडून देते.

सगळ्याच मालिकांना हे लागू करू नका. २०२० साली 'देवमाणूस' सुरू झाली, तिच्यात खुनी कोण हे पहिल्यापासून ठाऊक होतं. ती तर रोजची मालिका. तिथं "कोण" हा प्रश्नच नाही, तो कुठं घसरणार एवढंच बघायचं. त्याच्यावर गाव इतका विश्वास का ठेवतं, त्याकडं लक्ष दिलं तर खूप काही कळतं. 'क्राइम पेट्रोल'सारखं खऱ्या प्रकरणांवर बेतलेलं असेल तर अंदाजाचा खेळ बंद. तिथं कोणाची तरी लेक खरोखर गेलेली असते. आमच्या घरी तेव्हा कोणी "मी सांगते, मी सांगते" करत नाही. १९९८ साली सुरू झालेल्या 'सीआयडी'ची रीत वेगळी. मधल्या जाहिरातीच्या आधी पकडलेला माणूस बहुतेक वेळा सुटतोच, तेव्हा त्याच्यावर वहीचं पान वाया घालवू नका. त्याला सोडवताना कोणती माहिती हाती आली, तेवढी लिहा.

नवशिक्यांनी सुरुवात 'ब्योमकेश बक्षी'पासून करावी. बासू चटर्जींची ही मालिका १९९३ साली दूरदर्शनवर आली आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुन्हा लावली होती. गुप्तहेर ब्योमकेश झालेले रजित कपूर धोतर सावरत शांतपणे बघत बसतात, आरडाओरडा नाही, पळापळ फार नाही, त्यामुळे आपल्यालाही बघायला वेळ मिळतो. पहिला भाग कोलकात्यातल्या एका मेसमध्ये घडतो. खुनी कोण ते मी सांगणार नाही. पण भाग संपला की दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं परत लावा आणि या वेळी फक्त त्या एका माणसाकडं बघा, तो कुठं बसतो, कोणाची चौकशी करतो, कोणाच्या येण्याजाण्यावर त्याचं लक्ष असतं. सगळं पहिल्यांदाही तसंच समोर होतं. असं दुसऱ्यांदा बघितलेले दोन-तीन भाग झाले की तिसऱ्या-चौथ्याला तुमचं तुम्हालाच दिसायला लागेल. तुमच्या वहीतलं नाव बरोबर आलं तर दुकानावर येऊन जरूर सांगा, फक्त ज्यांनी भाग बघितलेला नाही त्यांच्यासमोर नको.