जुन्या कपड्यांतून पर्स शिवताय? या चुका टाळा

घरातली जुनी जीन्स, पडद्याचा तुकडा, न वापरलेला शर्ट असं पुढ्यात घेऊन बसलं की सगळ्यांचं पहिलं लक्ष जातं रंगसंगतीकडे. बाहेर कोणतं कापड, आत कोणतं, लेस कुठे लावायची. पण हाताने शिवलेली पर्स लवकर फाटते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: जिथे ओढ बसते तिथे ओढ न सोसणारं कापड लावलेलं असतं. कापड जुनं आहे हा त्याचा दोष नव्हे. जो तुकडा अस्तराला वर्षानुवर्षं टिकेल, तोच पट्ट्याला थोड्याच दिवसांत दगा देईल. म्हणून कात्री उचलण्याआधी कापडाची वाटणी करा. सगळ्यात दणकट कापड पट्ट्याला, पट्ट्याच्या जोडांना आणि तळाला. देखणं पण नाजूक कापड मधल्या अंगाला किंवा आतल्या खिशाला.

कापड न तपासता कापणं

तुकडा उजेडासमोर धरा. विरलेली जागा लगेच दिसते. जीन्समध्ये गुडघा आणि मांडीची आतली बाजू जवळपास नेहमीच झिजलेली असते. पोटरीमागचं कापड मात्र चांगलं निघतं. मग दोन्ही हातांनी तुकडा उभा आणि आडवा ताणून पाहा. धागे तुटल्याचा बारीक आवाज आला, तर त्या कापडाला भार देऊ नका.

पट्टा उभ्या धाग्यावरच कापा. किनार शिल्लक असेल तर तिला समांतर जातो तो उभा धागा. किनार नसेल तर दोन्हीकडून ताणा. ज्या दिशेला कापड कमी ताणलं जातं ती सहसा उभ्या धाग्याची दिशा असते. कापड वाचवायला पट्टा उरेब, म्हणजे धाग्याला तिरका कापला, तर तो भाराने लांबत जातो आणि पर्स खाली खाली लोंबते.

जुनं कापड अनेकदा धुतलेलं असल्याने आटायचं तेवढं आटलेलं असतं. नवं सुती अस्तर मात्र आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापा. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, बाहेरचं कापड तसंच राहतं आणि पर्सच्या तोंडाशी चुण्या पडतात. गडद कापडावर ओलं पांढरं फडकं घासून रंग जातो का तेही पाहून घ्या. चित्रं एकाच दिशेने असलेलं कापड तळाशी दुमडून एकाच तुकड्यात कापू नका. मागच्या बाजूची चित्रं उलटी येतात. तळाशी जोड द्या आणि शिवणीत जाणारं एक सेंटीमीटर जादा कापड, म्हणजे माया, धरा.

पट्टा नुसता कडेच्या शिवणीत अडकवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पट्ट्याचं टोक दोन कापडांमध्ये ठेवून वरून एक टीप मारली, की सगळा भार त्या एका रेषेवर येतो. जास्त मजबुतीसाठी तिथेच चार-पाच वेळा टीप फिरवली तर उलटाच परिणाम होतो: सुईच्या भोकांनी कापड पोस्टाच्या तिकिटासारखं होतं आणि त्याच रेषेवर फाटतं. त्याऐवजी पट्ट्याचं टोक पर्सच्या अंगावर निदान तीन सेंटीमीटर खाली येऊ द्या. तिथे चौकोनात टीप मारा आणि चौकोनाच्या आत फुली. आतल्या बाजूने जीन्सचा छोटा तुकडा ठेवून सगळे थर एकत्र शिवा. हे काम अस्तर लावण्याआधीच करायचं. पातळ कापडाच्या पर्सला हा तुकडा मी कधीच वगळू देणार नाही.

दोराही ताणून बघा. वर्षानुवर्षं डब्यात पडलेला सुती दोरा हाताच्या झटक्याने तुटत असेल, तर तो कच्च्या टाक्यांना वापरा. पट्ट्याला पॉलिएस्टरचा दोरा हवा.

मशीन कुरकुर करतं तेव्हा

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होत असेल तर बहुतेक जण बॉबिन (खालच्या दोऱ्याचं रीळ) काढून बघतात. दोष सहसा वरच्या दोऱ्याचा असतो. प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) खाली असताना दोरा ओवला, तर तो दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही. प्रेसर फूट वर उचला, वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा. बरेचदा तेवढ्यानेच काम होतं.

टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. जीन्सला १६ नंबरची सुई लावा. जीन्सची मूळ जाड शिवण मध्ये आली की प्रेसर फूट चढणीवर तिरका होतो आणि टाके नेमके तिथेच चुकतात. अशी शिवण आधी कापडात गुंडाळून हातोडीने ठोकून चपटी करा. मग चढणीपाशी थांबून प्रेसर फूटच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवा, म्हणजे तो सपाट राहतो. जाड जागेवरून चाक हाताने फिरवत पुढे जा.

रेक्झिनला टाचण्या लावू नका, भोकं कायमची राहतात. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. टाका लांब ठेवा, तीन ते चार मिलिमीटर. प्रेसर फूट चिकटत असेल तर वर बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर ती फाडून काढा. रेक्झिनवर थेट इस्त्री अजिबात नको.

चेन, अस्तर आणि कोपरे

चेन अर्धी उघडी न ठेवता बाजू शिवून टाकल्या, तर पर्स सुलटी करायला वाटच उरत नाही. अस्तरातही दहा-बारा सेंटीमीटर जागा न शिवता सोडा. बकरम (कडकपणासाठी आतून लावायचं ताठ कापड) लावलेली पर्स लहान भोकातून बाहेर काढताना चुरगळते. अस्तर बाहेरच्या कापडापेक्षा प्रत्येक बाजूने दोन-तीन मिलिमीटर लहान असावं, म्हणजे आत गोळा होत नाही. बकरम शिवणीच्या मायेत येऊ देऊ नका, आणि चिकटणाऱ्या बकरमवर इस्त्री घासू नका. ठेवायची, दाबायची, उचलायची.

जुनी चेन रनर (ओढायचा सरकता भाग) पुढे गेल्यावर मागे उघडत असेल तर लगेच फेकू नका. दात शाबूत असतील तर रनर सैल झालेला असतो. पकडीने त्याच्या दोन्ही बाजू मागच्या टोकाकडे अगदी हलक्या दाबा, एकेक बाजू, आणि दर वेळी चेन लावून बघा. जोर लावला तर रनर तुटतो.

तळाचे कोपरे त्रिकोणात दुमडून आडवे शिवताना आठ सेंटीमीटर रुंद तळ हवा म्हणून टोकापासून आठ सेंटीमीटर मोजलं जातं आणि तळ सोळा सेंटीमीटरचा होतो. टोकापासून चार मोजा. माप शिवणीच्या टोकापासून घ्यायचं, कापडाच्या कडेपासून नाही.

जुन्या पर्सचे पापुद्रे झाकायचा प्रयत्न

नकली चामड्याच्या पर्सचे पापुद्रे निघायला लागले की त्यावर बुटाचं पॉलिश किंवा रंग लावला जातो. त्याचा उपयोग होत नाही. पापुद्रे म्हणजे कापडावरचा पॉलीयुरेथेनचा, एका प्लास्टिकचा, थर. दमटपणामुळे तो आतूनच विघटित होत जातो, त्यामुळे वर लावलेलं काहीही त्याच्याबरोबरच सुटून येतं. कपाटात बंद राहिलेली पर्ससुद्धा याच कारणाने सोलते. त्यावर नवं कापड चिकटवणंही व्यर्थ, कारण आधारच सुटा आहे.

अशा पर्सचं मोल तिच्या कड्या, हुक, चेन आणि मापांत असतं. फाडू नका, शिवण उसवा. उसवण्याआधी आतून-बाहेरून फोटो काढा आणि प्रत्येक तुकड्यावर खडूने जागा लिहा: पुढचा, मागचा, तळ. या तुकड्यांत माया धरलेलीच असते, ती पुन्हा वाढवू नका. चुंबकाचं बटण काढलंत तर नव्या कापडात बसवताना त्याच्या पायांखाली जीन्सचा गोल तुकडा ठेवा, नाहीतर प्रत्येक उघडझापीला ते पाय कापड कापत राहतात. आणि कडीचं तोंड जोडलेलं नसेल तर ती फट पट्ट्याच्या घडीत आत फिरवून तिथेच टाक्यांनी पक्की करा.