मधूनच जड होणारं स्टेअरिंग: जुन्या छोट्या गाडीतला ईपीएसचा (इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचा) फॉल्ट कसा पकडायचा

चालत्या गाडीत स्टेअरिंगचा दिवा लागतो, स्टेअरिंग एकदम जड होतं, तुम्ही गाडी बाजूला घेता, चावी बंद करून परत चालू करता आणि सगळं ठीक. मग चार दिवस काहीच नाही, आणि गॅरेजला नेली की तिथे मात्र गाडी शहाण्या बाळासारखी वागते. गॅरेजवाला एक राउंड मारून येतो आणि सांगतो, ‘कॉलम असेंब्ली टाकावी लागेल साहेब,’ म्हणजे मोटर-सेन्सरसकट स्टेअरिंगचा अख्खा दांडाच नवा. दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीला तो आकडा ऐकला की गाडीच विकून टाकावी असं वाटतं. थांबा जरा. जो फॉल्ट येतो-जातो तो बऱ्याचदा करंटच्या वाटेतला असतो, म्हणजे बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, फ्यूज, कनेक्टर, आणि हे सगळं मल्टीमीटर हातात असेल तर घरी बघता येतं. असेंब्लीचा नंबर सगळ्यात शेवटी.

आधी थोडं डोक्यात पक्कं करून घ्या की आत काय आहे. जुन्या वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेन अशा गाड्यांत तेलाचा पंप नसतो, डॅशबोर्डखाली स्टेअरिंग कॉलमलाच मोटर लावलेली असते. तुम्ही चाक फिरवलं की कॉलममधली एक बारीक सळई किंचित पिळली जाते, टॉर्क सेन्सर तो पीळ मोजतो, मॉड्यूल (ईपीएसचा छोटा कॉम्प्युटर) गाडीचा स्पीड आणि इंजिन चालू आहे का ते बघतं आणि त्या हिशोबाने मोटरला करंट देतं. (हे तंत्र मुळात छोट्याच गाडीत आलं, १९८८ मध्ये जपानात सुझुकीच्या सर्व्होमध्ये, कारण छोट्या इंजिनावर पंपाचा भार नको होता.) मोटरला करंट कमी लागतो असं समजू नका, उभ्या गाडीत चाकं फिरवताना ती एका दमात तीस-चाळीस अँपियर किंवा जास्तही ओढू शकते. म्हणून जे कनेक्शन हेडलाइटला पुरतं तेच स्टेअरिंगला पुरत नाही, आणि म्हणून फॉल्ट पार्किंगमध्ये, यू-टर्नला, सिग्नलला एसी चालू असताना येतो.

आता पहिलं काम, पाना हातात घ्यायच्या आधी मोबाईलवर नोंद ठेवायला सुरुवात करा. कधी झालं, गाडी गार होती का गरम, पाऊस होता का, एसी-हेडलाइट चालू होते का, खड्ड्यात आपटल्यावर झालं का, दिवा लागला का नुसतंच जड झालं, आणि त्याच वेळी मीटरवर आणखी काय हललं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. स्पीडोमीटरचा काटा त्याच वेळी शून्यावर पडत असेल तर मोटरकडे बघूच नका, स्पीड सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर बघा. एबीएसचा दिवा सोबत लागत असेल तर चाकाच्या सेन्सरकडे जा. आणि इंजिन आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) बंद पडून मग सगळेच दिवे लागत असतील तर ती इंजिनाची तक्रार आहे, इंजिन बंद म्हणजे पॉवर स्टेअरिंग बंद, त्यात ईपीएसची काही चूक नाही.

दिवा न लागता जड होत असेल तर तो वेगळाच रस्ता. भर उन्हात उभ्या गाडीत, चिंचोळ्या पार्किंगमध्ये पुढे-मागे करत सात-आठ वेळा पूर्ण लॉकपर्यंत फिरवलं की मोटर तापते आणि मॉड्यूल स्वतःच करंट कमी करतं, थोड्या वेळाने आपोआप नीट होतं, हा फॉल्ट नाही, ते संरक्षण आहे. टायरमध्ये हवा कमी असेल किंवा हौसेने जाड टायर आणि मोठे अलॉय टाकले असतील तर हे लवकर होतं. त्यामुळे हवा आधी बघा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आकडा असतो. हे फुकटात होतं आणि तरी लोक सगळ्यात शेवटी करतात.

मग बॅटरी. गाडी रात्रभर उभी होती, सकाळी सुरू करायच्या आधी बॅटरीच्या खुंट्यांवर मीटर लावा. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ चालेल, १२.० म्हणजे बॅटरी जवळपास बसलीय. गाडी चालू केल्यावर साधारण १३.५ ते १४.५ यायला पाहिजे. आता खरी टेस्ट, एसी, ब्लोअर, हेडलाइट सगळं चालू करा, इंजिन आयडलला, कोणाला तरी स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि मीटरकडे बघत राहा. आकडा थोडा खाली जाणार आणि परत वर येणार, ते बरोबर. पण १२ च्या खाली जाऊन तिथेच रेंगाळत असेल तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), त्याचा बेल्ट किंवा बॅटरी, तिघांपैकी एकजण दमलाय. उलट १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, आणि जास्त व्होल्टेजनेही मॉड्यूल हात वर करतं.

टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर नुसतं वरून पुसू नका, क्लॅम्प काढून आतली बाजू आणि खुंटी दोन्ही पॉलिश पेपरने घासा (काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह), घट्ट करा आणि वरून व्हॅसलीन लावा. क्लॅम्प हाताने फिरतोय इतका ढिला असूनही गाडी रोज सुरू होते, त्यामुळे कोणाला संशय येत नाही.

यापुढची टेस्ट बहुतेक जण करतच नाहीत आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त उत्तरं तिथेच मिळतात. व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे करंट वाहताना वाटेत किती व्होल्ट गळतात ते मोजणं. लोक मॉड्यूलच्या पिनवर मीटर लावतात, १२ दिसतात, म्हणतात सप्लाय ओके. अहो, वायरची एक तार जरी शिल्लक असली तरी मीटर १२ दाखवणार, कारण मीटर करंट ओढतच नाही. भार असताना मोजायचं. इंजिन चालू, मीटर डीसी व्होल्टला, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवर), लाल पिन ईपीएसच्या अर्थिंगच्या वायरवर मॉड्यूलच्या टोकाला, आणि जोडीदाराला उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवायला लावा. ०.१-०.२ व्होल्टच्या आत राहिलं तर अर्थिंग चांगलं. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दिसला तर चोर सापडला. तसंच पॉझिटिव्हला, लाल पिन पॉझिटिव्ह खुंटीवर, काळी मॉड्यूलच्या मुख्य सप्लायच्या पिनवर, भार असताना ०.३ च्या आसपास किंवा कमी हवं. जास्त आलं तर एकेक टप्पा मागे या, खुंटी ते फ्यूज, फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे, पुढची वायर, जिथे आकडा उडी मारतो तिथेच बिघाड. ईपीएसचा मोठा फ्यूज बहुतेक बोनेटखालच्या डब्यात असतो, काही गाड्यांत तो स्क्रूने बसवलेला असतो आणि ते स्क्रू ढिले होतात. फ्यूजच्या पायाशी प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं म्हणजे तिथे गरम होतंय.

एक उदाहरण सांगतो. ओळखीतल्या एका काकांची गाडी, पुढून ठोकली गेली होती, डेंटिंग-पेंटिंग होऊन आली, दिसायला नवी कोरी. दोन महिन्यांनी स्टेअरिंगचा दिवा मधूनमधून. ड्रॉप मोजला तर अर्थिंगला पाऊण व्होल्ट. बॉडीवरचा अर्थचा बोल्ट खोलला तर वायरच्या टोकाच्या रिंगखाली रंगाचा छान जाड थर, करंट फक्त बोल्टच्या आट्यांतून जात होता आणि आट्यांनाही गंज चढायला लागला होता. पत्र्यापर्यंत घासलं, खाचांचा वॉशर टाकला, घट्ट केलं, झालं. खर्च, पॉलिश पेपरचा तुकडा. त्यामुळे गाडीचं बॉडीवर्क झालेलं असेल, किंवा कोणी नंतर ॲम्प्लिफायर, फॉग लॅम्प, मोठे हॉर्न जोडले असतील, तर आधी तिथे जा.

पावसाळ्यात सुरू झालेला फॉल्ट असेल तर ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचलून हात लावून बघा. काचेच्या खालच्या जाळीत पानं अडकून पाणी आत येतं, एसीचा ड्रेन पाइप तुंबतो, आणि ते पाणी वायरिंगवरून ओघळत कनेक्टरमध्ये शिरतं. कनेक्टर काढला आणि पिनेवर हिरवट पावडर दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, आणि पिन ढिली झालीय का तेही बघा. आणि उंदीर! गाडी आठवडाभर हलली नाही की बोनेटखाली त्यांचा संसार सुरू, आणि अर्धवट कुरतडलेली वायर हा येता-जाता फॉल्ट देणारा अगदी नमुनेदार प्रकार.

सगळं बघूनही सापडलं नाही तर स्कॅनर, म्हणजे मॉड्यूलने साठवलेले फॉल्टचे कोड वाचणारं यंत्र. स्वस्तातले ब्लूटूथवाले ओबीडी डोंगल बहुतेक फक्त इंजिनाचे कोड वाचतात, ईपीएस वाचणारा स्कॅनर हवा, जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असतो. दोन गोष्टी त्याला आधीच सांगा, कोड पुसायच्या आधी फोटो काढू दे, आणि बॅटरी काढून ठेवू नको कारण काही गाड्यांत त्याने कोड उडतात. काही जुन्या मॉडेलमध्ये दिवाच लुकलुकून कोड सांगतो, पद्धत त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. ‘टॉर्क सेन्सर’ असा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही, त्याच्या वायरचा लूज कनेक्टरही तोच कोड देतो. म्हणून स्कॅनरवर लाइव्ह डेटा (त्या क्षणीचे आकडे) लावा, चाक सोडून द्या, टॉर्कचा आकडा शून्याजवळ हवा, मग हळूहळू डावीकडे-उजवीकडे जोर द्या, दोन्हीकडे सारखा आणि सलग वाढला पाहिजे, मध्येच उडी मारली किंवा शून्यावर आला तर बिघाड तिथेच. तसंच डेटा चालू ठेवून कॉलमजवळचे कनेक्टर एकेक करून हलवा. फक्त पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात, आणि त्या भागात काही सोडवायचंच असेल तर बॅटरी काढून काही मिनिटं थांबायचं.

स्टेअरिंग एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलकं लागत असेल तर वीज विसरा, कॉलमखालचा युनिव्हर्सल जॉइंट गंजून अडकतोय. पुढची चाकं उचलून, स्टँड लावून (नुसत्या जॅकवर कधीच नाही), इंजिन बंद ठेवून हाताने फिरवलं की लगेच कळतं. वळणानंतर चाक आपोआप सरळ होत नसेल तर शॉकअपच्या वरची बेअरिंग बघा.

हे सगळं शोधेपर्यंत गाडी चालवायची का? दिवा लागून जड होत असेल तर यंत्र म्हणून स्टेअरिंग जोडलेलंच असतं, फिरतं, पण जोर लागतो, त्यामुळे घाटात नेऊ नका आणि घरातल्या ज्यांना तो जोर झेपणार नाही त्यांच्या हातात देऊ नका. पण स्टेअरिंग स्वतःहून एका बाजूला ओढत असेल किंवा हातात थरथरत असेल तर गाडी तिथेच उभी करायची, टो करून न्यायची. आणि चालत्या गाडीत चावी बंद-चालू करून दिवा घालवायचा उद्योग अजिबात नको, चावी मागे गेली तर स्टेअरिंग लॉक होऊ शकतं.

असेंब्लीवर वेळ आलीच तर आधी मॉड्यूल दुरुस्त करणाऱ्याला दाखवा, आतले तडकलेले सोल्डर जॉइंट आणि रिले बरेचदा दुरुस्त होतात, मोटरचे ब्रशही. जुनी असेंब्ली घेणार असाल, मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून म्हणा किंवा कुठूनही, तर पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, एकाच मॉडेलच्या पेट्रोल-डिझेलला वेगळं मॉड्यूल असू शकतं. बसवल्यावर टॉर्क सेन्सरचं झिरो कॅलिब्रेशन (शून्य कुठे ते मॉड्यूलला शिकवणं) स्कॅनरने करून घ्या, चाकं सरळ आणि स्टेअरिंगवर हात न ठेवता, नाहीतर नवा पार्ट टाकूनही गाडी एका बाजूला ओढत राहील आणि तुम्ही अलाइनमेंटवाल्याशी भांडत बसाल.