सीताफळावरील पिठ्या ढेकूण : आधी मुंगळ्यांची वाट तोडा

पावसाने उघडीप दिली की सीताफळाच्या खोडावर मुंगळ्यांची रांग लागते. या रांगेकडे दुर्लक्ष करू नका. जरा थांबून नीट पाहा : वर जाणाऱ्या मुंगळ्याचे पोट बारीक असते, खाली येणाऱ्याचे फुगून चकाकते. भरल्या पोटाचे मुंगळे ज्या फांदीवरून उतरतात, त्या फांदीच्या फळांवर देठाशी आणि डोळ्यांच्या खाचांत पांढरा कापूस शोधा. तोच पिठ्या ढेकूण.

ही कीड झाडाचा रस शोषते आणि त्यातली जादा साखर चिकट थेंबांतून बाहेर टाकते. मुंगळ्याला हे थेंब लागतात. एकाला सापडले की परतताना तो वाटेवर गंध सोडतो, बाकीचे त्याच मागावर येतात. उरलेल्या थेंबांवर काळी बुरशी चढते आणि फळाचा भाव पडतो. शिवाय या गोड खाण्यापायी मुंगळे किडीची राखण करतात, मित्रकीटकांना हुसकावतात. पिठ्या ढेकूण खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडूनही फरक पडत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते.

म्हणून आधी जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा आणि झाडाला लागलेले गाजर गवत उपटा. नाहीतर मुंगळे तिथून चढतात. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर खोडाला 15 ते 20 सें.मी. रुंद प्लास्टिक पट्टी घट्ट बांधा. पट्टीखाली येणाऱ्या सालीच्या भेगा चिखलाने बुजवा, कारण मुंगळे पट्टीखालूनही वाट काढतात. ग्रीस पट्टीवरच लावा, सालीवर नको. धूळ, पालापाचोळा किंवा मेलेले मुंगळे चिकटले की त्यावरून पूल तयार होतो. दर आठ-दहा दिवसांनी ग्रीस नवे करा. वारुळे मात्र उकरू नका. मुंगळे अळ्याही खातात, त्यांना फक्त झाडावर येऊ द्यायचे नाही.

जास्त कीड असलेली फळे तोडून नष्ट करा. हवेत ओलावा असताना संध्याकाळी व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडीला मारणारी बुरशी 5 ग्रॅम प्रतिलिटर पाण्यातून फवारा. त्यात बुरशीनाशक मिसळू नका. रांग तुटल्यावर हेक्टरी 1500 क्रिप्टोलिमस भुंगेरे सायंकाळी सोडा आणि पुढे रासायनिक कीटकनाशक टाळा.

या भुंगेऱ्याची अळीसुद्धा पांढरी, मेणचट झालरीची असते. पिठ्या ढेकूण समजून ती चिरडली जाते, आणि हे फार महागात पडते. ढेकणापेक्षा कितीतरी मोठी, काडीने डिवचताच चालू लागणारी पांढरी अळी दिसली, तर तिला हात लावू नका.