आफ्टरशॉक किती येणार, किती दिवस येणार? तोंडी हिशोब कसा लावायचा

मोठा भूकंप झाला की दुसऱ्या दिवशी मेसेज फिरायला लागतो, "आज रात्री 2 वाजता परत धक्का बसणार, सगळ्यांनी बाहेर झोपा." डिलीट करा तो. तारीख-वेळ कोणालाच सांगता येत नाही, पण आफ्टरशॉक (मोठ्या भूकंपानंतर येणारे धक्के) साधारण किती येतील आणि केवढे येऊ शकतात याचा ढोबळ अंदाज मात्र लावता येतो, आणि त्याला कॅल्क्युलेटर पण लागत नाही.

त्याआधी भूकंप होतो कसा ते एकदा हाताने करून बघा. एक वीट घ्या, पॉलिश पेपरवर ठेवा, तिला दोरी बांधून दोरीच्या टोकाला जाड रबर अडकवा आणि रबर अगदी हळूहळू, एकाच स्पीडने ओढत रहा. वीट ढिम्म. रबर ताणला जातोय, अजून ताणला जातोय, वीट तरी जागची हलत नाही, आणि मग एकदम खट्कन पुढे सरकून परत थांबते. तुमचा हात एकसारखा चालला होता, वीट नाही. जमिनीखाली हेच चालतं. प्लेट्स, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठे तुकडे, वर्षाला काही सेंटीमीटर, म्हणजे आपली नखं वाढतात साधारण तेवढ्याच स्पीडने सरकत असतात, पण फॉल्टवर (खडकातली मोठी भेग, जिथे दोन बाजू एकमेकींवर घासून सरकतात) दोन्हीकडचे खडक घर्षणाने एकमेकांना धरून बसतात, मग खडकच थोडा थोडा वाकत ताण साठवत राहतो आणि घर्षण हरलं की सुटतो. 1906 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात फॉल्टवरून गेलेली शेतांची कुंपणं तुटून दोन तुकडे काही मीटर बाजूला सरकले होते, त्यावरूनच अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरी रीड यांनी ही ताण साठून सुटण्याची थिअरी मांडली.

आता वीट दहा वेळा ओढा. दर वेळी उडी वेगळी, आधीचा वेळ पण वेगळा. तारीख का सांगता येत नाही ते इथेच कळतं.

लोक "ट्रिगर" आणि "कारण" यात गल्लत करतात. कारण म्हणजे साठलेला ताण, ट्रिगर म्हणजे शेवटचा धक्का, आणि तो कधीकधी अगदी किरकोळ असतो. पाणी हा त्यातला भारी प्रकार. पाणी खोल भेगांमध्ये गेलं की आतलं प्रेशर वाढतं, खडकांची एकमेकांवरची पकड सैल होते आणि आधीच टेकीला आलेला फॉल्ट सरकतो. कोयनेचं धरण भरायला लागल्यावर तिथे धक्के सुरू झाले आणि 11 डिसेंबर 1967 ला मॅग्निट्यूड (भूकंपाच्या ताकदीचा आकडा) 6 च्या वरचा भूकंप झाला, अमेरिकेतल्या ओक्लाहोमात तेलाच्या धंद्यातलं सांडपाणी जमिनीत खोल पंप केल्याने 2016 मध्ये 5.8 चा झाला. ऊन, ढगाळ हवा, उकाडा यांचा मात्र काही संबंध नाही.

आफ्टरशॉकसाठी दुसरी वीट आणा आणि दोन्ही विटांमध्ये एक रबर बांधा. पहिली सरकली की मधला रबर ताणला जातो आणि दुसरीवर ओढ येते, मग ती लगेच सरकेल, थोड्या वेळाने सरकेल, किंवा सरकणारही नाही. खऱ्या फॉल्टभोवती अशा हजारो विटा असतात, मोठा भूकंप काहींवरचा ताण कमी करतो आणि काहींवर वाढवतो, आणि वाढलेल्यांचा निकाल लागत राहतो तेच आफ्टरशॉक.

आता हिशोब. मेन धक्क्यातून 1.2 वजा करा, सगळ्यात मोठा आफ्टरशॉक सरासरी तेवढा असतो. 7 असेल तर 5.8. सरासरी बरं का, वरची लिमिट नाही, नेपाळमध्ये 25 एप्रिल 2015 ला 7.8 झाला आणि 12 मे ला 7.3 आला. पुढे, मॅग्निट्यूड 1 ने कमी केलं की संख्या साधारण दहापट होते, म्हणजे 5 चे दोन-तीन आले तर 4 चे वीस-तीस धरून चाला.

आणि दिवस? जपानचे भूकंपशास्त्रज्ञ ओमोरी यांनी 1894 मध्येच सांगून ठेवलंय, आफ्टरशॉकची संख्या दिवसांच्या उलट प्रमाणात कमी होते. पहिल्या दिवशी 100 तर दुसऱ्या दिवशी 50 च्या आसपास, दहाव्या दिवशी 10, शंभराव्या दिवशी 1.

इथेच सगळे फसतात. कमी होते ती संख्या, साईझ नाही! शंभराव्या दिवशी येणारा तो एक कितीही मोठा असू शकतो, फक्त त्याची शक्यता कमी झालेली असते. न्यूझीलंडमध्ये 4 सप्टेंबर 2010 ला 7.1 चा झाला, क्राइस्टचर्च शहर बऱ्यापैकी वाचलं, आणि साडेपाच महिन्यांनी, 22 फेब्रुवारी 2011 ला, 6.2 चा आफ्टरशॉक शहराच्या अगदी जवळ आणि उथळ आला, त्यात 185 माणसं गेली. आकड्याने लहान होता, पण जवळ होता. म्हणून भिंतीला तडा गेलेल्या घरात "आता धक्के थांबलेत" म्हणून शिरू नका, इंजिनिअरने बघितल्याशिवाय कागदपत्रं आणायला पण नाही.

अजून एक, जो झाला तोच मेन होता हे लगेच कळत नाही. साधारण 5 टक्के वेळा नंतर त्याहून मोठा येतो, जपानमध्ये 9 मार्च 2011 ला 7 च्या वरचा आला आणि दोन दिवसांनी 9 चा. त्यामुळे पहिला आठवडा चपला आणि टॉर्च उशाशी ठेवा, बेडच्या वर टांगलेलं काही असेल तर काढा, आणि हादरायला लागलं की जिन्याकडे पळायच्या ऐवजी टेबलाखाली जाऊन त्याचा पाय घट्ट धरा.

एक वही करा, जाणवलेला प्रत्येक धक्का वेळेसकट लिहा. दहाव्या दिवशी नोंदी पहिल्या दिवसाच्या दहाव्या हिश्श्यावर आल्या असतील तर सगळं नेहमीसारखं चाललंय. मध्येच आकडा परत उसळला तर बहुतेक एखाद्या मोठ्या आफ्टरशॉकने स्वतःचे आफ्टरशॉक सुरू केलेत, मग दिवस परत 1 पासून मोजायचे.