फ्रँकेन्स्टाईनमधले दोन सर: क्रेम्प-वाल्डमनवर उत्तर कसं लिहायचं
नांदेड असो की अंबाजोगाई, ‘फ्रँकेन्स्टाईन कादंबरीतल्या क्रेम्प अन् वाल्डमन या दोन प्राध्यापकांची तुलना करा’ या प्रश्नाला एमए इंग्लिशची पोरं एकच साचा वापरायलेत, क्रेम्प वाईट सर, वाल्डमन चांगले सर, विषय संपला. तसं लिहू नका, लेखिका मेरी शेलीनं ते तसं लिहिलेलंच नाही.

गाईड बाजूला ठेवा अन् हे दोघं पहिल्यांदा भेटतात ते मूळ प्रकरण दोनदा वाचा. तुमची प्रत १८१८ ची आहे का १८३१ ची तेवढं आधी बघून घ्या, १८३१ च्या आवृत्तीत हे तिसरं प्रकरण आहे. कादंबरीचा नायक व्हिक्टर १७ वर्षांचा, आई नुकतीच गेलेली, घर सोडून जर्मनीतल्या इंगोलस्टाटच्या विद्यापीठात शिकायला आलाय. क्रेम्प ठेंगणे, आवाज घोगरा, पोरानं अग्रिपा अन् पॅरासेल्सस हे जुन्या काळचे किमयागार वाचलेत म्हटल्यावर तोंडावरच सांगतात की सगळा वेळ वाया घातलास, अन् नवीन पुस्तकांची यादी हातात ठेवतात. सल्ला बरोबरच आहे, पण पोरगं मनावर घेत नाही. वाल्डमन पन्नाशीचे, आवाज एकदम गोड, ते म्हणतात याच जुन्या लोकांच्या धडपडीवर आजचं शास्त्र उभं आहे, मग प्रयोगशाळा फिरवून दाखवतात, अन् शेवटी तेही यादीच देतात! बघा, यादी दोघांनी दिली, नव्या सायन्सकडं दोघांनी वळवलं, फरक फक्त पोराला मान देण्यात पडला. उत्तरात सगळ्यात जास्त जागा याला द्या.

पण म्हणून वाल्डमनला देव करू नका. १८३१ च्या आवृत्तीत व्हिक्टर त्यांच्याच शब्दांना आपला नाश करणारे शब्द म्हणतो. व्हिलनही करू नका, कारण त्यांनी नुसती केमिस्ट्री नाही, गणितासकट सगळ्या शाखा शिक असं स्पष्ट सांगितलं होतं. व्हिक्टरनं कौतुक तेवढं घेतलं अन् हा सल्ला सोडून दिला, हे वाक्य बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, तुम्ही सोडू नका.

व्हिक्टरच्या वडिलांवर चार ओळी पुरेत, लहानपणी तो अग्रिपा वाचत होता तेव्हा ते अग्रिपाचं पुस्तक टाकाऊ आहे म्हणून मोकळे झाले, का टाकाऊ ते समजावलं नाही.

वेळ उरला तर व्हिक्टरचा मित्र क्लेरवल इंगोलस्टाटला येतो त्यानंतरचा प्रसंग घ्या. वाल्डमन त्यांच्या गोड पद्धतीनं अन् क्रेम्प शिवी हासडून, दोघंही व्हिक्टरची तोंडभर स्तुती करतात, अन् त्यानं खोलीत एक राक्षसी जीव बनवलाय हे दोघांनाही माहीत नसतं.