५३ पायऱ्यांत कॉर्ड बसवताना दोन रिषभ लागतात

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या भजनांत पेटीच्या शेजारी आता कीबोर्डही येऊन बसलाय. गाणारा तंबोऱ्यावर गंधार लावतो, कीबोर्डवाला खाली सा-ग-प ही कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) दाबतो आणि दोन गंधार एकमेकांना खेटत राहतात. गाणाऱ्याचा गंधार षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो, कीबोर्डचा ४०० (सेंट म्हणजे सप्तकाचा १२००वा भाग). सप्तकाचे १२ ऐवजी ५३ समान भाग केले तर हे भांडण मिटतं. नवं मात्र एक सुरू होतं, ते पुढे येईलच.

५३च का, २२ का नाही? श्रुती, म्हणजे सप्तकातली सूक्ष्म स्वरांतरं, २२ आहेत म्हणून सप्तकाचे २२ समान तुकडे करायचे, असं पुष्कळांना वाटतं. पण श्रुती सारख्या मापाच्या नाहीतच. सध्याच्या प्रचलित हिशेबात त्या तीन मापांच्या येतात: साधारण २२, ७० आणि ९० सेंट. ५३ भागांत एक पायरी २२.६४ सेंटांची होते, म्हणजे या तीन श्रुती अनुक्रमे १, ३ आणि ४ पायऱ्यांच्या. पहिल्या मापाच्या १०, दुसऱ्याच्या ५, तिसऱ्याच्या ७. बेरीज करून बघा: १० + १५ + २८. बरोबर ५३. उलट २२ समान भागांत पंचमच ७ सेंट चढतो. तंबोरा चालू असताना तो कोण ऐकून घेणार?

कॉर्डसाठी तीनच आकडे पाठ हवेत: मोठा (शुद्ध) गंधार १७ पायऱ्या, छोटा (कोमल) १४, पंचम ३१. मेजर म्हणजे ०-१७-३१, मायनर म्हणजे ०-१४-३१. बाकी सगळी बेरीज, आणि ५३ ओलांडले की ५३ वजा. मध्यमावरची मेजर २२-३९-५३, पंचमावरची ३१-४८-९, धैवतावरची मायनर ३९-०-१७.

५३ पायऱ्या पट्ट्यांवर ओळीनं मांडू नका. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर जेमतेम एक सप्तक मावतं आणि साधा सा-प धरायला दोन हात लागतात. त्यापेक्षा ५३ मधल्या बारा निवडा: ०, ५, ९, १४, १७, २२, २६, ३१, ३६, ३९, ४५, ४८. कीबोर्डला स्केल ट्यूनिंगची सोय असेल तर सा शून्यावर ठेवून प्रत्येक पट्टी इतके सेंट सरकवा: कोमल रे +१३, रे +४, कोमल ग +१७, ग −१५, म −२, तीव्र म −११, प +२, कोमल ध +१५, ध −१७, कोमल नी +१९, नी −१३.

संगणकावर सर्ज एक्सटी हा फुकटचा सिंथ (वाद्याचे आवाज काढणारं सॉफ्टवेअर) एससीएल फाइल, म्हणजे सुरांची मापं लिहिलेली फाइल, वाचतो. फाइलीत बारा ओळी सेंटांच्या: सा वगळायचा, शेवटची ओळ १२००.० ची, आकडे इंग्रजी लिपीत. दशांशचिन्ह विसरू नका. नुसतं १२०० लिहिलं तर ते सेंट न धरता १२०० पट असं गुणोत्तर वाचलं जातं आणि वरचा सा कानाच्या पल्ल्याबाहेर जातो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे सा दुसऱ्याच पट्टीवर. हे आकडे पांढरी एक (सी) हा सा धरून भरले आणि गाणाऱ्या बाई काळी पाचमध्ये (ए शार्प) गायल्या, तर त्यांचा पंचम ३१ ऐवजी ३० पायऱ्यांवर पडतो, जवळपास २३ सेंट उतरलेला. काळी एक किंवा काळी चारला मात्र सा-ग-प जमून जातं, त्यामुळे ही चूक महिनोन् महिने लपून राहते. सगळे आकडे गाणाऱ्याच्या सा पासूनच भरा.

तपासणी कानानं करा. कोरस, व्हायब्रेटो बंद, ऑर्गनसारखा सरळ आवाज. सा २४० हर्ट्झ धरला तर बारा भागांच्या सा-ग मध्ये सेकंदाला साडेनऊ ठोके (सूर न जुळल्यानं आवाजात येणारे हेलकावे) पडतात, ५३ मध्ये जेमतेम एक. तो सावकाश हेलकावा ऐकू आला की गंधार बसला.

आता रिषभ. रे-म-ध ही मायनर ९-२२-३९ अशी वाजवून बघा. रे ते ध ३० पायऱ्या, सेकंदाला साडेदहा ठोके. कीबोर्ड बिघडला नाही. या कॉर्डला रे ९ वर नको, ८ वर हवा. आपले गवई चतुःश्रुती (९ चा) आणि त्रिश्रुती (८ चा) रिषभ वेगळे मानतात, ते हेच. ८-२२-३९ दाबलं की ठोके जवळपास थांबतात.

पण पुढची कॉर्ड पंचमाची असली की तिला रे ९ च लागतो. सा, ध मायनर, रे मायनर, प, सा अशी फेरी असेल तर तोच ८ चा रे धरून पुढे जाऊ नका. प ३० वर येतो, सा एक पायरी खाली. चार फेऱ्यांत ९० सेंट, अभंग अर्ध्या सुरानं उतरलेला! सा हलू द्यायचा नाही. रे च बदला. सिंथवर कोमल रेची पट्टी रिकामी असेल तर तिच्यावर ८ बसवता येतो. कीबोर्डवर त्याला +८१ सेंट लागतात आणि बऱ्याच कीबोर्डांची मर्यादा ६४ ची. तिथं दोन सेटिंग साठवा, दुसऱ्यात रे −१९. तेवढ्यात गाणारा रे वर थांबला, तर रे सोडून नुसतं म-ध धरा. रिषभ त्याचा त्याला लावू द्या.

एवढी सर्कस नको असेल तर ३१ भाग आहेत: मेजर ०-१०-१८, मायनर ०-८-१८, रिषभ एकच, घसरण नाही. गंधार तर ५३ पेक्षाही चोख. पण पंचम ५ सेंट उतरतो, सेकंदाला दोन ठोके. नुसत्या कीबोर्डला चालेल, तंबोऱ्यासोबत आम्ही वापरणार नाही.

पेटी याच मेळात लावणार असाल, तर रे ८ चा की ९ चा हे आधी कीबोर्डवर ठरवा आणि मगच कानस हातात घ्या. रीड (पेटीतली पितळी जीभ) टोकाकडे घासला की सूर चढतो, बुडाशी घासला की उतरतो.